बेरजेत हरलेलं ग्राफिक्स कार्ड

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, सतरंजी मोठी आहे. एक गोष्ट सांगतो. कीर्तनकारांसारखे टाळ-मृदंग माझ्या साथीला नाहीत. एक लहानसा पंखा आहे, तो मधूनमधून घरघरेल, तेवढं सांभाळून घ्या.

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पोटात बसतो आणि पडद्यावर चित्र उमटवतो. तेच चित्र इंटरनेटवरून दूर पाठवायचं असेल, तर त्याचं गाठोडंही मीच बांधतो. माझं नाव आठशे पासष्ट. हसू नका, आमच्यात नावं अशी आकड्यांचीच असतात. शेवटचे दोन आकडे अंगातलं बळ सांगतात, त्यांच्या आधीचा आकडा पिढी. म्हणजे मी आठव्या पिढीतला आणि बळ पासष्टचं. एवढी साधी गोष्ट, पण खोक्यावर ती कुणी लिहीत नाही. उलट नावापुढे ‘सुपर’, ‘प्लस’ अशी शेपटं जोडतात आणि घेणारा बिचारा मोठा आकडा बघून भुलतो.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तरुणपण यवतमाळच्या एका गेम पार्लरमध्ये गेलं. दिवसभर मोटारी पळवायच्या, बंदुका उडवायच्या, पोरांचा आरडाओरडा ऐकायचा. पार्लर बंद पडलं तेव्हा उमरखेडच्या बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्त करणाऱ्या वाहिदभाईंनी मला आणलं, ब्रशने झाडलं आणि ममताच्या हाती दिलं.

ममता जवळच्या तांड्यावरची, कॉलेजात शिकणारी. तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे दरवर्षी हरिनाम सप्ताह होतो. ममता दोन कॅमेरे लावून त्याची कीर्तनं दाखवू लागली. मंदिराला लागूनच तिचं घर, तिथल्या पडवीत संगणक. पुण्याकडे कामाला गेलेली माणसं फोनवर टाळ ऐकून रडायची. मित्रांनो, बंदुका उडवणाऱ्या माझ्यासारख्याला हरिनाम वाहून न्यायला मिळालं, यापरतं भाग्य कोणतं?

ममताची दादी सुखीबाई पहिल्या रांगेत आपलं तरट अंथरून बसायची. काल्याच्या हंडीतलं दही तिच्याच हातचं. कीर्तन संपलं की पडवीत येऊन माझी घरघर ऐकायची.

“ममती, याले दम लागला. पाणी पाज.”

“दादी, त्याले पाणी नाही चालत.”

“मंग वारा तरी घाल!” आणि स्वतःच ओढणीने वारा घालायची.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग यंदा ममताच्या बापूंच्या, म्हणजे बाबूसिंगभाऊंच्या मनात आलं, “देवाच्या कामाले जुनं काहून?” भाऊ सप्ताहाचे अध्यक्ष, माणूस भाविक. पण त्यांची एक रीत होती. ट्रॅक्टरचा नंबर असो की फोनचा, ते आकड्यांची बेरीज करायचे. नऊ आले तरच वस्तू घरात. ममता मला सोबत घेऊनच त्यांच्याबरोबर वाहिदभाईंच्या दुकानात गेली, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

“भाऊ, हे बाराशे पंधरा नवं हाये, पण बळ पंधराचंच,” वाहिदभाई म्हणाले. “आठशे पासष्ट मस्त चालू हाये. कायले पैसे घालता?”

“बेरीज करा, वाहिदभाई. एक, दोन, एक, पाच. झाले ना नऊ? तुमच्या आठशे पासष्टचे एकोणीस, त्याचे दहा, त्याचा उरला एक. एकट्यानं सप्ताह होते काय?”

“भाऊ, कार्ड घेऊन राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले?”

भाऊ हसले, पण बाराशे पंधराच घेऊन आले. त्याच्या खोक्याला कुंकू लागलं, नारळ फुटला. मला भंगारात द्यायचं ठरलं. तेवढ्यात सुखीबाई आडवी आली.

“भंगारात? इतकी वर्सं त्यानं कीर्तन ऐकलं. कीर्तन ऐकलेल्याले भंगारात टाकतेत काय?”

तिने आपल्या जुन्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, आरसे जडवलेल्या तुकड्यात मला गुंडाळलं आणि पडवीतल्या ट्रंकेत कापराच्या वासात ठेवून दिलं.

सप्ताह तोंडावर आला आणि सुखीबाई नळाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेताना ती नातीला एवढंच म्हणाली, “काला तेवढा दाखवजो मले. बाकी काही नको.”

काल्याची सकाळ उजाडली. सदाशिवराव महाराज कीर्तनाला उभे राहिले आणि इकडे चित्र अडकलं. ट्रंकेत मला ममताच्या फोनवरून सुखीबाईचा आवाज ऐकू आला.

“ममती, महाराजाचा हात वरच राह्यला. आकडला का?”

ममताने वाहिदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, “बेटा, त्या बाराशे पंधराले चित्राचं गाठोडं बांधताच येत नाही. इतके दिवस संगणकानंच ते कसंबसं ओढलं, आज तो दमला. जुनं कुठं हाये?”

ट्रंक उघडली. उजेड आला. बाबूसिंगभाऊंनी मला आरशांच्या तुकड्यातून सोडवलं आणि आपल्या नव्या सदऱ्याने पुसलं.

“ममता, मले वाटलं...”

“बापू, आधी स्क्रू धरा.”

बाहेर गौळणी संपल्या होत्या. हंडीखाली पोरं चुळबुळत होती. महाराजांना कुणीतरी कानात सांगितलं. ते माइकवर म्हणाले, “पहिल्या रांगेतलं माणूस अजून आलं नाही. हंडी थांबेल. टाळकरी, होऊ द्या अजून एक गौळण!”

मित्रांनो, मी जीव एकवटला. पंखा फिरला. महाराजांचा अडकलेला हात खाली आला.

“आले, महाराज आले!” सुखीबाई फोनवर ओरडली. मग हळूच म्हणाली, “माहं तरट कुठं हाये?”

ममताने कॅमेरा वळवला. पहिल्या रांगेत तरट अंथरलेलं होतं. एवढी गर्दी, पण त्यावर कुणी बसलं नव्हतं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग सुखीबाई म्हणाली,

“सांग महाराजाले, फोडा आता.”

हंडी फुटली. हरिनामाचा गजर झाला. त्या गजरातही तिच्या कानाला माझी घरघर लागली.

“तो कोण व्हय? तोच काय?”

“तोच, दादी.”

“मंग वारा घाला त्याले!”

बाबूसिंगभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि काला संपेपर्यंत मला वारा घातला.

बालमित्रांनो, वस्तू घ्याल तेव्हा नावातला आकडा पाहून भुलू नका. ती आपलं कोणतं काम करील, ते विचारा. जुनं टाकण्याआधी एकदा त्याच्याकडे मायेने बघा. आणि कुठेही काल्याचा प्रसाद हातावर पडला, दही-लाह्यांचा गार घास तोंडात गेला, की माझा आकडा विसरलात तरी चालेल. सुखीबाईची मात्र आठवण काढा.