ओट्याची दिशा

मार्गशीर्षातली सकाळ डोंगरावरून उतरत होती. धुक्याची दुलई तशीच अंगावर ओढून, अर्धी जागी, अर्धी स्वप्नात. अजिंक्यतारा अजून दिसत नव्हता. दिसत होता तो केवळ उजेड, दुधावरच्या सायीसारखा पातळ, पिवळसर, थरथरता. खिडकीतून तो हलकेच आत आला आणि धुळीत विसावला.

धूळ सगळीकडे होती. सिमेंटची धूसर, विटांची तांबूस, जुन्या चुन्याची शुभ्र. उन्हाच्या तिरप्या स्तंभात ती तरंगत होती, खाली पडायचं विसरून गेल्यासारखी. स्वयंपाकघर फोडलं होतं. ओलीने फुगलेल्या फरशा निघाल्या होत्या, जुना ओटा निघाला होता, बैठकीची खोली वेगळी करणारी आडवी भिंतही गेली होती. उरली होती एक मोकळी, धूलिधूसर, आश्चर्यचकित जागा.

आणि कुंदाचा संसार बैठकीत विखुरला होता. शिवणयंत्राच्या मिटलेल्या फळीवर एकुलती एक शेगडी. पुस्तकांच्या कपाटात मिसळणाचा डबा. चपलांच्या रॅकवर कांदेबटाटे. सोफ्यावर, पाहुण्यांच्या जागी, पितळी पातेली पालथी बसली होती, रुसून तोंड फिरवल्यासारखी. भांडी न्हाणीघरात घासायची, ताटावर ताट झाकायचं, नाहीतर आमटीत सिमेंट.

"अहो, जिरं कुठं ठेवलंत?"

"शब्दकोशाच्या मागं."

"आणि हिंग?"

"हिंगाला मी हात लावलेला नाही. वासावर शोध."

ती हसली. तो हसला. आणि ते हसू तिला दिसलं.

तेच तर नवल होतं. लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून तिच्यासमोर भिंत होती. ओटा भिंतीला, शेगडी भिंतीला, म्हणून तोंडही भिंतीला. वाफेने भिजलेली भिंत, फोडणीने पिवळी झालेली भिंत, पावसाळ्यागणिक पोपडे धरणारी भिंत. पोळी लाटताना भिंत, दूध राखताना भिंत. श्रीरंगच्या हाका तिच्या पाठीवर येऊन थांबत; तिची उत्तरं भिंतीवर आपटून त्याच्यापर्यंत परतत. त्याला तिची पाठ ठाऊक होती. तिला त्याचा आवाज ठाऊक होता.

आता शिवणयंत्रापलीकडे, बसायला दुसरी जागाच नाही म्हणून, तो समोर बसायचा. मटार सोलायचा. मोहरी तडतडली की त्याच्या पापण्या मिटत. वर्तमानपत्र वाचताना त्याचे ओठ हलत, लहान मुलासारखे. एका घरात इतकी वर्षं राहून हे तिला माहीत नव्हतं.

"चव घेताना तू डोळे मिटतेस," तो एकदा म्हणाला.

"नेहमीच मिटते."

"मला कुठं माहीत होतं?"

पिठल्याची वाफ वर चढत होती, वळत होती, विरत होती. त्या वाफेआड तिचा चेहरा तापला, आचेनेच असेल.

मग बोलणं सुरू झालं. आधी थेंब थेंब, मग धार. पहाटेचं स्वप्न, लहानपणचा पोहायचा डोह, आईच्या हातची धिरडी. पिठलंभात, खिचडी, मटार घातलेले पोहे. जेवणं साधी झाली आणि लांबली. धुळीतलं घर, धुरातलं घर, धुक्यातलं घर. आणि त्याच्या मध्यावर एक निळी, मंद, फुलासारखी ज्योत, जिच्या दोन बाजूंना दोन चेहरे.

आज नवा ओटा बसायचा होता.

संपत गवंड्याने सकाळीच खुणा केल्या होत्या. जुन्या ओट्याच्या त्याच भिंतीवर, त्याच उंचीला, निळ्या सुताची सरळ, निर्विकार रेघ. कुंदा तिच्याकडे पाहत राहिली. दगडाचा रंग विचारला तेव्हा ती 'चालेल' म्हणाली होती. फरशीचा विचारला तेव्हाही 'चालेल'.

"काकू, होता तिथंच घेतो. चालंल न्हवं?"

शब्द ओठांशी आला. झाकणाखालच्या वाफेसारखा धडपडला. तिने तो बाहेर येऊ दिला नाही. ती कपाटापाशी गेली, रांगोळीचा डबा घेतला आणि आडवी भिंत होती तिथे, उघड्या जमिनीवर, उकिडवी बसली. चिमटीतून रेघ झरू लागली. शुभ्र, संथ, सलग.

"इथं. शेगडी इथं. तोंड बैठकीकडं."

संपत हसला. "आवो काकू, नळ तिकडल्या भिंतीला हाय. रांगोळीतनं पाणी यायचं न्हाई."

"पाणी राहू दे तिकडंच. मला तिकडं बघायचं नाही."

"काका, आता तुमीच सांगा."

श्रीरंगने वर्तमानपत्र मिटल्याचा आवाज आला. धुळीचे कणही जागच्या जागी थबकल्यासारखे वाटले. कुंदाने मान वर केली नाही. आत्ता तो 'असू दे होता तिथंच' म्हणाला, तर पुन्हा भिंत. पुन्हा पाठ. उरलेल्या सगळ्या सकाळी, उरलेल्या सगळ्या संध्याकाळी.

पावलं वाजली. घमेलं पालथं पडल्याचा आवाज झाला. तिने डोळे उचलले, तर रेघेपलीकडे, पालथ्या घमेल्यावर, मांडीत मटाराची टोपली घेऊन तो बसला होता.

"इथं खाली जरा जागा सोड, संपत," शेंग मोडत तो म्हणाला. "माझे गुडघे आपटतील."

पौष उजाडला तेव्हा धूळ खाली बसली होती. नवा ओटा काळाभोर, थंड, आकाश उतरलेल्या डोहासारखा. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायचं असतं. आयुष्यभर तिने दूध राखलं होतं, उतू जाऊ नये म्हणून; आज त्याला मोकळीक होती. दूध थरथरलं, फुगलं, पांढऱ्या घुमटासारखं उंच उंच आलं.

"अगं, चाललं बघ!" सवयीने तो पलीकडून म्हणाला.

"जाऊ द्या."

आणि ते गेलं. काळ्या दगडावरून एक शुभ्र धार निघाली, एकदा जमिनीवर आखली होती तशीच, संथ, सलग. आणि पुढे पुढे सरकत, वाफाळत, पलीकडच्या काठाशी, त्याच्या बोटांशी येऊन टेकली.