कागदाची गोळी, मांसाची गोळी

मी पुंगळी बोलतेय. गोळी नव्हे, पुंगळी. तुम्ही लोक सगळ्यालाच सरसकट गोळी म्हणून मोकळे होता, म्हणून आधीच सांगून ठेवते. गोळी म्हणजे पुढचं टोक, जे उडतं आणि कुठेतरी जाऊन रुततं. मी मागची पितळेची नळी. बुडाला टिकली, पोटात दारू आणि गळ्यात गोळी, असा माझा संसार जमला की त्याला काडतूस म्हणायचं. घोडा ओढला की टिकली पेटते, दारू जळते आणि गोळी निघून जाते. मागे राहते मी, काळवंडलेली आणि रिकामी.

गेलेली गोळी परत येत नाही. किती आल्या माझ्या गळ्यात आणि किती गेल्या! लेकीची पाठवणी करावी तशी मी एकेकीला लावून दिली. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

कारखान्यातल्या जन्माचं काय कौतुक सांगू? पितळेची चकती होते, ठोकून, ओढून, तापवून नळी केली. माझं खरं आयुष्य अमेरिकेतल्या मोंटानात गेलं, हॅल्वर ट्वेट नावाच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात. तेव्हा तो म्हातारा नव्हता म्हणा. पण खडूस तेव्हाही होता.

हॅल्वर दुकानातलं तयार काडतूस घेत नसे. आम्हा वापरलेल्या पुंगळ्यांना घासूनपुसून, यंत्रात दाबून पुन्हा मापात आणायचा. मग नवी टिकली, नवी दारू आणि नवी गोळी. गोळी निवडताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की मुलीला स्थळ बघतानाही माणूस इतका चिकित्सक होत नसेल. एकेक गोळी उजेडात धरायचा, बोटांत फिरवायचा, जरा खोट दिसली की बाजूला.

त्याच्या टेबलावर दोन डबे होते. हिरव्या झाकणाच्या डब्यात कागदाच्या गोळ्या आणि लाल झाकणाच्या डब्यात मांसाच्या. हे त्याचे शब्द. कागदाची गोळी कागदी लक्ष्यावरच्या निशाणबाजीसाठी. टोकाला बारीक भोक, अंगावर पातळ तांब्याचा पत्रा, आणि नेम असा की एकीच्या भोकातून दुसरी जावी. पण हाडावर आदळली की तिचा चुरा होतो. मांसाची गोळी शिकारीसाठी. तिचं टोक मऊ शिशाचं आणि पत्रा जाड. ती फुगते, पण फुटत नाही. खोल जाते आणि जनावराला यातनांतून पटकन सोडवते.

त्याची मुलगी सिग्नी लहानपणी त्याच्या हाताखाली हे डबे लावायची. एकदा तिच्या हातून कागदाची एक गोळी लाल डब्यात पडली. हॅल्वरने तिला ती दातांत धरायला लावली आणि जेवणाच्या टेबलाशी बसवली. सगळे जेवले. ती तशीच बसून होती, हनुवटीवरून लाळ गळत होती. "चव लक्षात राहील," एवढंच तो म्हणाला. आणि पुन्हा बटाटा वाढून घेतला. मेल्याला घास तरी कसा उतरला!

सिग्नी मोठी झाली, शिकागोला गेली, आणि रसेल नावाच्या मुलाशी लग्न करून परत आली. रसेल शाळेत गाणं शिकवायचा. गोरापान, हसरा, हात लोण्यासारखे मऊ. हॅल्वरने ते हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "काय जावईबापू, यांनी काय करता? पियानो पुसता?"

रसेल हसला. त्याला वाटलं, सासरा थट्टा करतोय. भोळा बिचारा.

सिग्नीला दिवस गेले होते. ओढ्यापलीकडे तिच्या वारलेल्या आईचं घर रिकामं पडलं होतं. तिथेच राहायचं, मूल तिथेच वाढवायचं, एवढं एकच मागणं तिने बापाकडे केलं. हॅल्वर म्हणाला, "या घरातला पुरुष आपलं मांस आपण आणतो. तुझ्या नवऱ्याने एल्क पाडू दे. एका गोळीत. मग घर तुमचं."

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. इतकी वर्षं हॅल्वर दर हिवाळ्याआधी एक पाडायचा. दुकानातलं मांस खाणाऱ्यांना तो नावं ठेवायचा, भिकारी म्हणायचा. पण गेली दोन वर्षं त्याचे हात कापत होते. बंदूक खांद्याला लावली की नळी वाऱ्यावरच्या काडीसारखी हलायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण तो मला हातात धरायचा.

रसेल जिद्दीला पेटला. सिग्नीने त्याला बंदूक धरायला शिकवली. आणि काय सांगू, पोरगा उपजतच नेमबाज निघाला! गाणाऱ्याचा श्वास होता ना, तो रोखायचा कधी आणि सोडायचा कधी ते त्याला बरोबर कळायचं. हॅल्वर खिडकीतून बघायचा आणि दात खायचा.

मग सिग्नीच म्हणाली, "बाबा, त्याची काडतुसं तुम्हीच भरा ना. तुमच्यासारखी कुणाला जमणार?"

हॅल्वर गॅरेजात आला. आम्हा चांगल्या पुंगळ्यांना त्याने ओळीत उभं केलं. टिकली बसवली, दारू भरली. मग त्याचा हात लाल झाकणाकडे गेला आणि तिथेच थांबला. आणि त्याने हिरवं झाकण उघडलं. अगं बाई गं! मला वाटलं, आधी कागदावर सराव असेल. पण तो स्वतःशीच हसत होता. भोकाच्या टोकाची ती गोळी त्याने माझ्या गळ्यात दाबून बसवली. मला ओरडता येत नाही, येत असतं तर अख्खी गल्ली गोळा केली असती.

रसेलने काडतूस बघून विचारलं, "बाबा, याच्या टोकाला भोक कसं? तुमच्या गोळ्यांना तर शिसं दिसतं."

"भोक असलं की जास्त फुगते. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

त्याच गोळ्यांनी रसेलने कागदावर तीन बार काढले. तिन्ही भोकं एकमेकांत मिसळली. तो कागद घेऊन धावतच सिग्नीकडे गेला. "तुझ्या बाबांनी त्यांच्यातल्या सगळ्यात चांगल्या गोळ्या दिल्यात गं मला!" सिग्नीचे डोळे भरून आले. काडतूस न बघता, कागदावरच्या भोकांवरून तिने बापाला चांगलं म्हटलं, तिथेच फसली.

शिकारीला सासरा-जावई दोघंच गेले. मी बंदुकीत होते. उतारावर एक एल्क मादी आडवी उभी होती, चरत होती. रसेलने श्वास सोडला आणि बार काढला. नेम खांद्यामागे, हवा तिथेच, पण त्याच क्षणी मादीने पाऊल टाकलं आणि खांद्याचं हाड मध्ये आलं. मांसाची गोळी असती तर हाड फोडून आत गेली असती. माझी ती लेक हाडावरच भुगा झाली. मादी कोसळली, उठली आणि तीन पायांवर धावत सुटली.

"पायावर मारलंस की रे," हॅल्वर म्हणाला.

"नाही बाबा! खांद्यामागे धरला होता मी!"

"मला दिसतंय ना."

जंगलात पुंगळी टाकून यायची नाही, हा हॅल्वरचाच नियम. म्हणून रसेलने मला उचलून खिशात घातलं. दिवसभर मी त्याच्या मांडीवर आपटत होते आणि त्याचं हुंदके गिळणं ऐकत होते. रक्ताचा माग काढत ते ओढ्यापाशी पोचले. मादी पाण्यात उभी होती. पुढचा पाय नुसत्या कातड्यावर लोंबत होता. पाणी प्यायला मान खाली घालायची, की तोल जायचा.

रसेलने बंदूक उचलली. हॅल्वरने नळीवर हात ठेवला. "घाई कशाला? बघ नीट. हे तू केलंयस."

"बाबा, सोडा. तिला संपवू द्या."

"बघ म्हणतो ना. चव लक्षात राहील."

त्याने किती वेळ रसेलला तसं उभं केलं ते मला सांगवत नाही. जनावर कण्हत होतं आणि हा माणूस तंबाखू चघळत होता. शेवटी त्याने हात काढला आणि रसेलने दुसऱ्या बाराला तिला सोडवलं.

घरी आल्यावर हॅल्वर येईल-जाईल त्याला सांगत सुटला. "जावयाने एल्कला लंगडी शिकवली हो!" रसेल जेवेना, गाईना. सिग्नीला म्हणाला, "आपण परत जाऊ. मी या घराच्या लायकीचा नाही." सिग्नी म्हणाली, "नेम हलला असेल रे, होतं असं." तिनेही विश्वास ठेवला नाही, हे कळल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी सिग्नी मांस कापायला बसली. खांदा उघडला तर आत काळंनिळं रक्त आणि तांब्याच्या पापुद्र्यांचा चुरा. तिने एक पापुद्रा उचलला आणि दातांत धरला. बराच वेळ तशीच बसली. मग उठून हात धुतले आणि रविवारच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं.

रविवारी चर्चहून शेजारचा क्लेटन आला. तोही घरीच काडतुसं भरणारा. टेबलावर बटाट्याच्या पोळ्या आणि रश्शातलं मांस होतं. हॅल्वरने मला रसेलकडून मागून घेऊन मुद्दाम मिठाशेजारी उभं केलं होतं. "हे बघ क्लेटन, जावईबापूंच्या पराक्रमाची पुंगळी!"

सिग्नीने सगळ्यांना पाठीचं मऊ मांस वाढलं. बापाला वेगळ्या भांड्यातलं, खांद्याचं. हॅल्वरने मोठा घास घेतला आणि कडकन दात वाजला. तो कळवळला, त्याने तोंडातलं ताटलीत काढलं. दाताचा तुकडा आणि त्याच्याशेजारी चमकणारा तांब्याचा पापुद्रा.

"चव ओळखीची आहे का, बाबा?" सिग्नी म्हणाली.

क्लेटनने पापुद्रा काट्याने पसरला. "अरे हॅल्वर, हा तर कागदाच्या गोळीचा पत्रा! पोराला ही दिलीस? जनावरावर?"

"चुकून झालं असेल," हॅल्वर पुटपुटला.

"तुझ्याकडून? चुकून?" क्लेटनने रुमाल टेबलावर टाकला, टोपी उचलली आणि न जेवताच निघाला. त्या मुलखात जनावराला हाल करून मारणाऱ्याच्या टेबलाशी कुणी बसत नाही.

सिग्नी रसेलपुढे उभी राहिली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं." मग बापाकडे वळली. "घर तुम्हालाच राहू दे. नातवंड तुम्हाला दाखवायला मी आणणार नाही."

"सिग्नी, बस. ऐक तरी."

"पुन्हा दातांत काय धरायला लावणार आहात?"

ती दोघं त्याच दिवशी गेली. तिने सगळं मांस नेलं. फक्त खांदा तेवढा बापाच्या फ्रीझरमध्ये ठेवला, पांढऱ्या कागदात पुड्या बांधून, प्रत्येक पुडीवर 'बाबांचं' असं लिहून.

हॅल्वर गॅरेजात आला. त्या बाराने माझ्या गळ्याला चीर गेली होती. त्याने पकडीने माझं तोंड चेपलं, म्हणजे कुणी चुकून मला पुन्हा भरायला नको, आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तेव्हा मला कळलं नाही कशाला.

आता बर्फ पडलाय. क्लेटन वाट बदलून जातो. सिग्नी फोन उचलत नाही. मूल झालं, मुलगा की मुलगी, ते याला कुणी कळवलेलं नाही. शिकारीला जावं तर हात कापतात, दुकानातलं मांस आणावं तर लोक बघतील. म्हणून तो रोज तीच एकेक पुडी सोडतो, उरलेल्या दातांनी भीत भीत चावतो, जिभेने चाचपतो. पापुद्रा लागला की माझ्याच डब्यात थुंकतो. टण्.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. भंगारवाल्याला देऊन मला वितळवायचं असेल तर खुशाल वितळवा. फक्त एवढ्यात नको. गेलेली गोळी परत येत नाही म्हणाले होते ना मी? माझी ही एक येतेय, म्हाताऱ्याच्या तोंडातून, पापुद्र्या-पापुद्र्याने, आणि मी चेपलेल्या तोंडाने तिची वाट बघत पडलेय. घाई नाही. फ्रीझरमध्ये खांदा अजून बराच शिल्लक आहे.