तिसरं लाल मिनिट

सहाव्या आणि शेवटच्या फेरीच्या दिवशी बाईंच्या गॅलरीत एवढ्या वस्तू होत्या: तिवईवर बसवलेला ध्वनिमापक, त्याच्या तोंडावर वारा अडवणारा स्पंजचा गोळा, वेताच्या दोन खुर्च्या, जाड पुठ्ठ्याची नोंदवही, तीन पेन्सिली, चहाचे दोन कप आणि आतल्या खोलीतून लांब वायरीने बाहेर ओढून आणलेला टेलिफोन. गॅलरीपासून ट्रॅकचं सर्वांत जवळचं वळण चारशे दहा मीटरवर होतं. ट्रॅकवर चौदा गाड्या होत्या. नोंदवहीत लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली मिनिटं होती दोन.

स्पोर्ट्स कारच्या शर्यतींची आमच्या भागातली ही पहिलीच मालिका. परवानगी मिळाली ती एका अटीवर: जवळच्या घराच्या गॅलरीत कुठल्याही एका मिनिटाचा सरासरी आवाज सत्तर डेसिबलच्या वर जाता कामा नये. गेला तर ते मिनिट लाल. हंगामात तीन लाल मिनिटं झाली की पुढच्या वर्षी परवानगी नाही. पहिलं लाल मिनिट पहिल्याच फेरीत झालं, दुसरं चौथ्या फेरीत.

जवळचं घर बाईंचं. तक्रारही त्यांचीच, आणि ती अट त्यांच्याच अर्जामुळे आली होती. मी भौतिकशास्त्रात नुकतीच पदवी घेतली होती आणि नोकरी शोधत होते, म्हणून आयोजकांनी मोजायला मला पाठवलं. पहिल्या दिवशी दारातच बाईंनी विचारलं, "ट्रॅकवर तुझं कोण?"

"मामा. सात नंबरची गाडी."

"वा! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली."

"दुसरं कुणी मागून घ्या हवं तर."

"कशाला? परकी माणसं सैल लिहितात. तू भाची म्हणून प्रत्येक आकडा दोनदा तपासशील. बस."

बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "पलीकडचा माणूस मी नुसत्या श्वासावरून ओळखायचे," असं त्या सांगत. मला आधी ती बढाई वाटली. पण तिसऱ्या फेरीपासून त्या ट्रॅककडे पाठ करून बसत आणि गाडी वळणावर आली की तिचा नंबर सांगत. मी एकदा पडताळा घेतला. पन्नासपैकी सत्तेचाळीस बरोबर.

"तीन चुकले," मी म्हणाले.

"त्या तिन्ही वेळा तू पेन्सिलीला टोक काढत होतीस."

एवढं करूनही त्यांचं मत तसूभर बदललं नाही. "तिसरं लाल मिनिट होऊ दे. मग मी या खुर्चीत दुपारची झोपेन," असं त्या दर फेरीला न चुकता म्हणायच्या.

मामाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. वय बावन्न. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शर्यती कुंपणाबाहेरून बघितल्यावर त्याने आणि मामीने मिळून ही गाडी बांधली. चौथ्या फेरीतलं लाल मिनिट तिच्यामुळेच झालं होतं. त्यानंतर मामाने सायलेन्सर तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी एका चकरीला सेकंदाचे दोन-तीन दशांश गमावले. "माणसाचं नाक दाबलं की तोंड उघडतं," तो म्हणायचा. "गाडीचं तोंड दाबलं की ती बसूनच घेते." तरी शेवटच्या फेरीआधी तो गुणांत पहिला होता. दुसरा होता दातांचा डॉक्टर, बारा नंबरची गाडी, तीन गुणांनी मागे. मामाला एवढंच करायचं होतं, डॉक्टरच्या पुढे संपवायचं. पण हंगामच शेवटचा ठरला तर पहिल्या नंबरचं तो काय करणार, हे मामीने त्याला आदल्या दिवशी विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "आधी येऊ तर दे."

चारला शर्यत सुरू झाली. तीस चकरा, प्रत्येक साधारण ऐंशी सेकंदांची. मामा तिसरा आणि डॉक्टर त्याच्या मागे चिकटून चौथा. मिनिटांची सरासरी अडुसष्ट, साडेअडुसष्ट. चार वाजून एकवीस मिनिटांनी बाईंनी कप खाली ठेवला.

"तुझ्या मामाच्या गाडीला खोकला झालाय."

"मला काही वेगळं वाटलं नाही."

"तुला कसं वाटेल? थांब, पुढच्या वेळी ऐक. मोठ्या आवाजाच्या खाली एक फटफट आहे. पाइप सुटतोय कुठेतरी."

गाडी आली, गेली. मला फटफट ऐकू आली नाही. मग मी आकडे बघितले. प्रत्येक गाडी समोरून जाताना होणारा सर्वांत मोठा आवाज मी वेगळा लिहीत असे. सात नंबरचे शेवटचे चार होते ७४.०, ७४.६, ७५.१, ७५.७. आणि गाडी ज्या मिनिटात आली होती त्याची सरासरी ६९.४.

बाईंनी वही माझ्या खांद्यावरून वाचली. "अजून किती चकरा?"

"चौदा."

"मग होतंय की तिसरं."

"हो. होईल."

"आणि तू फोन करणार नाहीस."

"मला संघांशी बोलायला बंदी आहे. नियमच आहे."

"मला नाही ना?"

गाड्यांचा एक घोळका वळणावरून गेला, आणि बाईंनी दात दुखत असल्यासारखं तोंड केलं. पुन्हा सात नंबर. ७६.२.

"छे," बाई म्हणाल्या. "बिघडलेली लाइन ऐकून हात बांधून बसायचं मला जमत नाही. एकतीस वर्षं ती कळवण्याचाच पगार घेतला मी." आणि त्यांनी फोन उचलून नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता, वर्षभर तक्रारी करून.

"मी गॅलरीवाली बोलतेय. हो, तीच. ओरडू नका, मला चांगलं ऐकू येतं. सात नंबरचा पाइप सुटतोय." मग थोडा वेळ ऐकून घेतलं. "माझ्यावर विश्वास नाही म्हणे. घे, तुला मागतायत."

नियंत्रण कक्षातल्या माणसाने विचारलं, "ताई, त्या म्हणतात ते खरं का? बाईंना आपली शर्यत बंदच पाडायची आहे, म्हणून विचारतो. झेंडा दाखवला तर सात नंबरला आत यावं लागेल. तो सध्या तिसरा आहे."

"मला माहीत आहे तो कितवा आहे."

"मग? फटफट ऐकू येते का तुम्हाला?"

हो म्हटलं तर ते खोटं झालं असतं. नाही म्हटलं तर त्याने फोन ठेवून दिला असता.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले. "पण सात नंबरचा आवाज सलग चार चकरा वाढतोय. प्रत्येक वेळी अर्धा डेसिबल किंवा जास्त. बाकी कुठल्याही गाडीचा वाढलेला नाही."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला.

चार सव्वीसला मामाला काळा झेंडा दाखवला, मध्ये नारिंगी ठिपका असलेला. गाडीत बिघाड आहे, आत या, असा त्याचा अर्थ. मामा आत गेला. सायलेन्सरच्या पट्टीचे दोन बोल्ट निघून पडले होते आणि तिसरा ढिला होता. मामीने नवे बसवले. तेवढ्यात दोन चकरा गेल्या. मामा बाहेर आला तेव्हा अकरावा होता आणि डॉक्टर तिसरा. मालिका डॉक्टरची झाली, हे गॅलरीतूनही कळत होतं.

"रागावेल तो तुझ्यावर," बाई म्हणाल्या.

"बघू."

"माझं नाव सांग. माझ्यावर सगळेच रागावतात, सवय आहे मला."

चार पस्तीसनंतर वारा फिरला. आता तो ट्रॅककडून आमच्याकडे यायला लागला आणि सगळ्याच गाड्यांचे आकडे चढले. मिनिटांची सरासरी ६९.३, ६९.६, ६९.५. शेवटच्या चकरीला पुढच्या सहा गाड्या एकमेकींना खेटून वळणावर आल्या. त्यांच्या मागोमाग, दोन चकरा मागे पडलेली सात नंबर. मिनिट संपायला वीस सेकंद होते आणि तोवरच्या सेकंदांची सरासरी ७०.३ दाखवत होती.

बाई ट्रॅककडे पाठ करूनच बसल्या होत्या. "एक, चार, बारा, नऊ..." त्यांनी एकेक बोट दुमडलं. "आता सात." मग त्या थांबल्या. "सात कुठाय?"

मी बघत होते. सात नंबर वळणावरच होती. मामाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला होता. त्याच्या मागची गाडी त्याला ओलांडून गेली, आणि तो नुसता घरंगळत, इंजिनाला जराही जोर न देता आमच्या समोरून पुढे सरकला.

बाईंनी मान वळवून पाहिलं. खुर्ची करकरेल म्हणून त्या अर्धवट वळलेल्या तशाच राहिल्या. मीही पेन्सिल वहीला टेकवली नाही. वीस सेकंद संपले.

४:३९ ते ४:४० : ६९.८.