सोफ्याचा डावा कोपरा

आमच्या बेसमेंटमधल्या सोफ्याचा डावा कोपरा खोल गेला आहे, तो माझ्यामुळे. कितीतरी उन्हाळे मी तिथे बसून टोरंटोची टीम हरताना बघितली.

कॅनडात किचनरला आलो तेव्हा विलास सकाळी ऑफिसला जायचा आणि मी आधी बर्फाकडे, मग गवताकडे बघत बसायचे. बेसबॉल मला कुणी शिकवला नाही. टीव्हीवर लागायचा, मेथी निवडता निवडता बघायचे. आमची जाई तेव्हा शाळेत होती. माझ्या मांडीवर पाय टाकून ती सांगायची, "मॉम, दॅट्स अ स्ट्राइक." मला कळायला अख्खा सीझन लागला. कळलं तोवर त्या पोरांचा लळा लागून गेला होता. विलास जिन्यात डोकावून विचारायचा, "हरले का तुझे?"

तुझे. एवढं लक्षात असू द्या.

मग एका सप्टेंबरात ते जिंकायला लागले. पुढे जायचं तर उरलेल्या जवळजवळ सगळ्या मॅच जिंकणं भाग होतं, आणि एकेक करत ते खरंच जिंकत होते. विलासचे 'तुझे' एका आठवड्यात 'आपले' झाले. त्याच्या ऑफिसातला शैलेंद्र रोज संध्याकाळी यायला लागला, सोबत दोन पुणेकर. वीकेंडला जाई वॉटर्लूच्या होस्टेलवरून यायची. मला आनंद झाला. इतकी वर्षं जे दुःख एकटीने केलं, त्याला आता पंगत बसली होती.

ही सगळी माणसं क्रिकेटवर वाढलेली. जिंकत असताना जागा सोडायची नाही. मांडी घालून बसला असाल तर मांडीच, मुंग्या आल्या तरी. शैलेंद्रने एक मोजा काढलेला असताना आपला होम रन, म्हणजे बेसबॉलमधला छक्का, बसला, तर पुढच्या सगळ्या मॅच त्याने एका मोज्यावर बघितल्या. मी खूप हसले होते.

अडचण एकच होती. उठायचं नाही म्हटल्यावर भजी कुणीतरी आणून द्यायला हवीत. त्यामुळे त्या घरात हलणारं माणूस एकच, मी. एका संध्याकाळी ट्रे घेऊन शेवटच्या पायरीवर पोचले आणि समोरच्यांनी होम रन मारला. पुढच्या मॅचला पुन्हा तसंच. समोरचे लोक होम रन मारायलाच आलेले असतात आणि मी सतत जिन्यावर असते, कधीतरी गाठ पडणारच. पण ती मॅच आपण हरलो.

"वहिनी," शैलेंद्र म्हणाला, "राग नका मानू, पण तुम्ही येता अन् मॅच जाते."

"मग भजी तू तळ."

सगळे हसले. विलासही हसला. "पनवती आहे रे ही. माझं प्रमोशनसुद्धा हिच्याच पायगुणाने गेलं."

दुसऱ्या दिवशी मी गंमत म्हणून वरच थांबले. ते जिंकले. मग ती गंमत राहिली नाही.

ठरलं असं, की मी ट्रे बेसमेंटच्या दाराबाहेर ठेवायचा आणि जाहिराती लागल्या की कुणीतरी वर येऊन तो न्यायचा. म्हणजे उठलेलं चालत होतं. माझ्या कोपऱ्यात शैलेंद्र बसायला लागला. स्टेडियमवर फुकट मिळालेली माझी निळी टोपी त्याच्या डोक्यावर चढली. मी ती मागितली तर जाई म्हणाली, "डोन्ट टच इट, मॉम. इट्स वर्किंग."

मी किचनमधला रेडिओ लावायला लागले. आपले जिंकले की मी पनवती ठरत होते, आणि माझं पनवतीपण जायचं तर आपल्यांनी हरायला हवं होतं. एका संध्याकाळी समोरचा बॅटर आला तेव्हा मी मनात म्हटलं, मार. आणि जीभ चावली. मनातच म्हटलं होतं, तरी चावली. त्याने मारला नाही. खाली टाळ्या पडल्या आणि मी आणखी एक दिवस वरची झाले.

पण रेडिओमुळे एक गोष्ट कळली. रेडिओ टीव्हीच्या पुढे असतो. रेडिओवर लोक ओरडायचे, माझा अर्धा कांदा चिरून व्हायचा आणि मग कुठे बेसमेंट ओरडायचं. खालच्यांना जे व्हायचं होतं, ते वर होऊन गेलेलं असायचं.

रविवारची दुपार होती. ही गेली तर सीझन संपला, असं रेडिओवाला सारखं सांगत होता. शेवटची इनिंग. आपण एका रनने मागे, दोघं जण बेसवर, आपला शेवटचा बॅटर. मी गॅस बंद केला आणि रेडिओ कानाशी धरून बेसमेंटच्या दारात उभी राहिले. काय करायचं ते मी ठरवलं होतं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. त्यांची मजा घालवायची नव्हती. जिंकतील तेव्हा मी त्या खोलीत असायला हवं, एवढंच. नंतर कुणाला काही म्हणता आलं नसतं.

रेडिओवर लाकडाचा आवाज आला, आणि मग इतकी माणसं ओरडली की रेडिओवाला ऐकूच येईना.

रेडिओ तिथेच ठेवून मी खाली धावले. या वयात, ओल्या चपलांनी. टीव्हीवर पिचर अजून बॉल हातात फिरवत होता.

"वहिनी, नाही," शैलेंद्र म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही, मोज्यातला पाय तेवढा आखडून घेतला.

"पद्मजा, वर हो." हा विलास.

"बसू दे रे मला. उभी राहते, इथे भिंतीशी."

जाई उठली. मला वाटलं, जागा करून देते आहे. तिने माझे दोन्ही खांदे धरले, लहान मुलाला वळवतात तसं वळवलं आणि जिन्याशेजारच्या लॉन्ड्री रूममध्ये ढकललं. "आय लव्ह यू, मॉम, बट प्लीज." दार लावून तिने बाहेरून पाठ टेकली असावी, कारण दार हलेना.

ड्रायर गरम होता. मी त्याला टेकून उभी राहिले. मग बेसमेंट ओरडलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. जाईने मला मिठी मारली, तिचे डोळे भरले होते. "सी? वी डिड इट."

"वेळेवर काढलं बाप्पा," शैलेंद्र म्हणाला. "अजून जरा थांबल्या असत्या तर गेली होती."

"रेडिओवर आधीच झालं होतं," मी म्हटलं. "रेडिओ पुढे असतो. मी खाली आले तेव्हा आपण जिंकलेलो होतो."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, पोचलं.

शैलेंद्रने टोपी मागे सारून विचार केला. "म्हणजे खरा होम रन बसला तवा तुम्ही वरतीच होत्या न."

"होते."

"मंग."

पुणेकरांनी माना डोलावल्या. जाईसुद्धा हसली, आणि हसताना तिने माझा हात धरला होता.

"उद्या मी घरीच नाहीये," मी विलासला सांगितलं. कुठे जाणार, ते ठरलं नव्हतं.

"अरे, मग तर उत्तमच," तो म्हणाला. "चहा थर्मासमध्ये ठेवून जा."