चष्मा घरी राहिला

"चार महिने झाले, मला माझ्याच घरात कोपर टेकायला जागा नाही," यिह्या सूप ढवळता ढवळता पुटपुटला. "इकडे वही, तिकडे शब्दकोश. मीठ मागावं तर हातात खोडरबर येतं."

"मग मागू नका मीठ," गेऊला म्हणाली. "सूप खारटच झालंय."

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बोदिल खो खो हसली. चार महिन्यांपूर्वी तिला यातलं फक्त 'सूप' कळलं असतं. गेऊलाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू ही पोर तिनेच नऊ महिने पोटात वागवली होती.

सत्याऐंशी सालच्या हिवाळ्याच्या शेवटी बोदिल डेन्मार्कहून एका सत्रासाठी हिब्रू शिकायला आली, आणि वसतिगृहात खोली नव्हती म्हणून जेरुसलेमच्या नहलाओत वस्तीतल्या या बोळात राहिली. गेऊलाच्या लेकी लग्न होऊन गेल्या होत्या, मागची खोली रिकामीच होती. पोरगी इतकी उंच, की पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिचं कपाळ तीनदा आपटलं. पण गेऊलाला तिचं अप्रूप वाटायचं ते उंचीचं नव्हे. परक्या देशातून यायचं, एकेक अक्षर गिरवायचं, चुकलं तरी लाजायचं नाही, पुन्हा विचारायचं. चुकायची लाज नसणं ही केवढी मोठी श्रीमंती, असं गेऊलाला वाटे. ती हे कोणाला बोलली मात्र नव्हती.

रोज संध्याकाळी बोदिल वही घेऊन बसायची. गेऊला समोर भरतकाम घेऊन.

"वाच."

बोदिल वाचायची. गेऊलाची सुई मध्येच थांबायची.

"पुन्हा म्हण."

"कुठे चुकलं?"

"कुठे ते तू शोध. माझ्या दाताखाली खडा आला, एवढं सांगते."

बोदिल शोधायची, आणि खडा तिथेच सापडायचा. उच्चाराचं तर विचारूच नका. "घशातून काढ गं, घशातून! नाक सर्दीसाठी ठेव." जेरुसलेममधल्या निम्म्या शिकल्यासवरल्या लोकांना जे उच्चार जमत नाहीत, ते येमेनमधून आलेल्या गेऊलाच्या घशात जन्मापासून होते. ते आता या गोऱ्या पोरीच्या घशात उतरले. वर्गातल्या बाई, नेहामा, चकितच झाल्या. "अगं, तू शिकतेस तरी कोणाकडे?"

त्याच प्रश्नातून पुढचं सगळं झालं. सत्र संपताना त्या वर्गात एक समारंभ असे. सगळ्यात चांगला निबंध निवडायचा, आणि तो लिहिणाऱ्याने नव्हे, ज्या घरात तो राहिला त्या घरातल्या माणसाने वाचायचा. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बोदिलने गेऊलाच्या घरावर निबंध लिहिला, आणि या वर्षी तोच निवडला गेला. खारट सुपाच्या त्या संध्याकाळी तिने कागद टेबलावर ठेवला, आणि ठेवताच तिचे कान लाल झाले.

"तू नुसती ये, गेऊला. मीच वाचेन. बाईंना मी सांगते."

"का? मला तोंड नाही?"

शब्द निघून गेले होते. यिह्याचा चमचा वाडग्यात थांबला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. शेवटी यिह्यानेच "पाव दे जरा" म्हटलं, पाव त्याच्या हातात असताना.

त्या घरात एक वाक्य फार वापरून गुळगुळीत झालं होतं. बँकेत, दवाखान्यात, लेकींच्या शाळेत, कोणीही समोर कागद सरकवला की गेऊला म्हणायची, "चष्मा घरी राहिला हो." चष्मा होता. खणात, डबीत, नवाकोरा. हीच बाई तिन्हीसांजेला दिवा न लावता एका झटक्यात सुई ओवायची, आणि ते घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. बोदिलनेही. पण लेकी काही बोलल्या नाहीत, आणि यिह्या पस्तीस वर्षं रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आला. "मला तशीच सवय आहे," म्हणायचा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तो मोठ्यानेच वाचायचा, जणू बाटलीलाच ऐकवतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुतारशाळा बंद करून जेवायला आला. बोदिल वर्गात होती. हात पुसत म्हणाला, "बघू तरी पोरीने काय लिहिलंय. मला ऐकायचंय." गेऊला टेबलापलीकडे, त्याच्या समोर, सहुगची चटणी वाटत होती, हिरव्या मिरच्या संपल्या म्हणून लाल मिरचीची. त्याने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तो मध्येच अडखळला, तर पुढचं वाक्य तिनेच सांगितलं. त्यात नवल काही नव्हतं. आईची लग्नातली गाणी, शेकडो कडवी, तिच्या डोक्यात घडी करून ठेवलेली होती. दीड पान म्हणजे काय!

एक वाक्य मात्र तिने पुन्हा वाचायला लावलं.

"'गेऊला रोज माझी वही तपासते,'" यिह्या हळूहळू वाचू लागला. "'तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नाही.'" तो खाकरला. "लांबलंय जरा. हे गाळलं तर?"

"पोरीने लिहिलंय. आपण कोण गाळणार?"

वाटता वाटता सहुगचा एक थेंब उडाला आणि कागदाच्या कोपऱ्यावर बसला. तिने पुसला, पण लाल डाग राहिला. गेऊलाने तो मनात धरून ठेवला. खाली, उजव्या हाताला. कागद हातात घेतला की डाग उजव्या अंगठ्याखाली आला पाहिजे. म्हणजे चुकायचं नाही.

समारंभाला तिने स्वतः भरलेली कॉलर घातली. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर जर्दाळू आणि तिच्याच हातचं कुबाने, म्हणजे रात्रभर मंद आचेवर भाजलेला पाव. पोरांनी भाषणाआधीच त्याची वाट लावली होती. नेहामाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही भाषा जिवंत आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. गेऊलाने हात सोडवून कॉलर सारखी केली.

ती उभी राहिली. डाग अंगठ्याखाली घेतला. आणि सुरू झाली.

बोदिलने साध्या शब्दांत साधंच लिहिलं होतं, बुटकी चौकट, खारट सूप, शनिवारी सकाळी गल्लीभर सुटणारा पावाचा वास. पण गेऊलाच्या घशातून ते असं येत होतं, की नेहामाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. त्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांची नजर कागदावर गेली आणि तिथेच राहिली.

पहिल्या रांगेतला एक जण फिसकन हसला. शेजारणीने त्याला ढोसलं. नेहामाबाईंनी अलगद हात पुढे केला आणि कुजबुजल्या, "कागद... उलटा धरलाय तुम्ही."

गेऊलाचं वाक्य तुटलं. तिने कागदाकडे पाहिलं. तिला तर तो अगदी बरोबर दिसत होता. टेबलाच्या तिच्या बाजूने, यिह्या वाचत असताना, दिसत होता तसाच. लहानपणी बापासमोर पुस्तक असे, भाऊ भोवती बसत, आणि ही समोरून कॉफी आणून ठेवी. अक्षरं तिने आयुष्यभर समोरूनच पाहिली होती.

"राहू द्या हो बाई!" मागून यिह्या उठला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "आमच्या येमेनमध्ये असंच वाचतात! गावात पुस्तक एक आणि पोरं नऊ. गोल करून बसायचं. जो समोर बसेल तो उलटंच शिकणार. मीही उलटाच शिकलोय, द्या हवं तर कागद, दाखवतो!"

आधी हशा पिकला, मग टाळ्या. "कमाल आहे," कोणीतरी म्हणालं. नेहामाबाईंनी हात मागे घेतला. त्यांच्या डोळ्यांत आदर आणखीच दाटला होता. यिह्या बोलला त्यात एकही शब्द खोटा नव्हता. गेऊलाने पुढे म्हणायचं तेवढं बाकी होतं. पुढचं वाक्य तेच होतं, वहीचं.

तिने बोदिलकडे पाहिलं. सगळ्या खोलीत ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. मान खाली घालून बसली होती. जणू स्वतःच काही चुकली होती. चुकायची लाज नसलेली पोर ती. आज तिला लाज वाटत होती, आणि ती गेऊलापायी.

"बसा हो तुम्ही," गेऊला नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण..."

"बसा. पोरं होती ती नऊ. पोरी नव्हत्या त्यात."

टाळ्या विरल्या. तिने कागदाची घडी घातली, नीट, डाग आत ठेवून.

"बोदिल, मान वर कर. तुझी इडापिडा मला लागो, पोरी, तू एवढं छान लिहिलंस, पण पुढचं वाक्य चुकलंय. खडा आहे त्यात. वही मी तपासत नव्हते. मी ऐकत होते." तिने घडी टेबलावर ठेवली. "माझे डोळे चांगले आहेत. मला वाचता येत नाही."