तात्यांचा आखाड

हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर हिम्मतरावांनी कोंबड्या पाळल्या, त्यामागे निसर्गप्रेम, सेंद्रिय जीवन वगैरे काही नव्हतं. ते सगळं नंतर, भाषणं करायची वेळ आल्यावर सुचलं. मूळ कारण रस्सा.

हिम्मतराव मूळचे देगलूरकडचे. शेती भावाकडे, आणि इकडे चिक्कडपल्लीत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. श्रावण लागायच्या आधी जावयाला बोलावून कोंबड्याचं जेवण घालायचं, ही त्यांच्या घराची आखाडाची रीत. त्याप्रमाणे गेल्या वर्षी त्यांनी नव्या जावयाला, विक्रमला, मोठ्या हौसेनं बोलावलं. विक्रमनं दोन घास खाल्ले आणि समजूतदारपणे म्हणाला, "असू द्या मामा, शहरात गावरान कुठून मिळणार? आमचे पप्पा म्हणालेच होते, हैदराबादी सासर म्हणजे ब्रॉयलर."

हा घास हिम्मतरावांच्या घशात अडकून राहिला. शेवटी थंडी सरता सरता ते गावी गेले आणि खोक्यातून पिलं घेऊन आले. गच्चीवर खुराडं उभं राहिलं. चार दिवसांत खालच्या मजल्यावरचे अनंतराव वकील जिने चढून वर आले. पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीत गेलेलं, शुद्ध शाकाहारी घराणं. त्यांच्याकडे अंड्याचा उल्लेखसुद्धा 'ते' असा होई.

"हिम्मतराव, हे काय आहे?"

"पिलं आहेत, वकीलसाहेब."

"ते दिसतंय. कशासाठी आहेत?"

"झुरळं खातात. किडे खातात. डास पण खातात म्हणे."

"आणि त्यांना कोण खातं?"

हिम्मतराव खुराड्याची जाळी चाचपू लागले. पण तेवढ्यात वकिलांच्या मागून धापा टाकत त्यांच्या पत्नी मालतीबाई वर पोचल्या आणि त्यांनी एक पिलू उचलून गालाला लावलं.

"अगं बाई, केवढंसं! नावं काय ठेवलीत हो?"

"नावं?"

"म्हणजे बारसंच नाही केलं? आणि इतके दिवस तशीच ठेवलीत बिचारी?"

हिम्मतरावांच्या डोक्यात दुकानदार जागा झाला. जिनं बारसं केलं, ती बाई तक्रार करणार नाही. आणि ती करणार नसेल, तर वकील कुणाच्या जिवावर करणार? "तुमचीच वाट बघत होतो, वहिनी," ते म्हणाले.

संध्याकाळी बायकोनं, गंगूनं, विचारलं, "नाव ठेवलेली कोंबडी खाता येईल का तुम्हाला?"

"नावानं काय होतं गंगू? नावानं रश्श्याची चव बदलत नाही."

बारसं थाटात झालं. भाजीच्या टोपलीचा पाळणा, हरभऱ्याच्या घुगऱ्या, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका. कोंबडीला कान नेमका कुठं असतो, यावर अनंतरावांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि निकाल राखून ठेवला. मालतीबाई आत्या झाल्या. त्यांनी अंदाजानं एकेका पिलाच्या डोक्याशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं, तर सगळी पिलं एकदम उत्तर द्यायला लागली. प्रत्येक घरानं एकेक नाव सुचवलं. एका उंच मानेच्या पिलाला मात्र कुणाचंच नाव शोभेना. हिम्मतरावांनी त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, हा माझा, आखाडाचा.

उन्हाळा संपता संपता तो आरवला. पहाटे, चांगला खणखणीत. हिम्मतराव पांघरुणात दार वाजण्याची वाट बघत पडून राहिले. दार वाजलंच. बाहेर मालतीबाई, डोळे भरलेले.

"भाऊजी, हे ताडकन उठून बसले हो! झोपेतच म्हणाले, 'उठलो, तात्या!'"

तात्या म्हणजे अनंतरावांचे वडील. जुन्या काळचे हेडमास्तर. पहाटे उठून अख्ख्या घराला हाका मारून उठवायचे. ते गेल्यापासून अनंतराव सावकाश उठत, आणि उठल्यावरही कुणी झापलं नाही म्हणून दिवसभर चुकल्यासारखे वावरत. त्या सकाळी मात्र त्यांनी अंघोळ करून खुराड्यासमोर हात जोडले. नाव ठरलं. तात्या.

पुढं सगळं हिम्मतरावांच्या हाताबाहेर गेलं. ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली होती, ते आपापल्या कोंबडीला भोपळ्याच्या साली, शिळी भाकरी घेऊन भेटायला येऊ लागले. मग त्यांना घरी दोन-दोन हव्या झाल्या. मग त्यांच्या हिमायतनगरच्या, बर्कतपुऱ्याच्या पाहुण्यांना. व्हॉट्सॲपवर 'कोंबडी कुटुंब' नावाचा ग्रुप निघाला, आणि त्याचे अध्यक्ष अर्थातच हिम्मतराव. खुडूक कोंबडी एकमेकांच्या अंड्यांवर बसवायला उसनी जाऊ लागली. ज्यांच्याकडे नुसत्या माद्या, ते आठवडाभर तात्यांना पाहुणचाराला नेऊ लागले. जाताना 'तात्या येतायत' असा निरोप, आल्यावर 'तात्या सुखरूप पोचले' असा फोटो.

आणि आखाड आला. गल्लीत बोनालूचे, इथल्या आषाढातल्या देवीच्या जत्रेचे, ढोल सुरू झाले.

"अहो अध्यक्ष," गंगू म्हणाली, "रविवारी आपली योगिनी विक्रमला घेऊन येतेय. जावयाला काय वाढू? बारशाच्या घुगऱ्या?"

हिम्मतरावांनी रात्रभर विचार केला आणि बेत आखला. ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी तात्या हिमायतनगरला ऋचाकडे पाहुणचाराला जात आहेत. ऋचा ही ग्रुपमधली नवी सभासद, बाल्कनीत दोन माद्या पाळणारी. वाटेत कोंबडी कापून देणारा एक ओळखीचा दुकानदार होता; त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. संध्याकाळी 'तात्या वाटेतच सुटून पळाले' असं कळवायचं. दुःख होईल. श्रावणात दुःख सोसतं माणसाला.

रविवारी पिशवी घेऊन ते जिना उतरले, तर खाली मालतीबाई तबक घेऊन उभ्या. त्यांनी तात्यांच्या तुऱ्याला कुंकू लावलं. तळहातावर दही धरलं, तात्यांनी ते टोचून खाल्लं. बरोबर ज्वारीची पुरचुंडी दिली. "परक्या घरी खाण्याची आबाळ नको." आणि आतून कोट घालून अनंतराव बाहेर आले.

"चला."

"तुम्ही कुठं, वकीलसाहेब?"

"तात्यांना मी कधी एकटं पाठवलं नाही."

स्कूटरवर पुढं हिम्मतराव, मागं अनंतराव, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून तात्यांची मान, रहदारीवर नाराज. दुकान जवळ आलं तसा हिम्मतरावांनी वेग वाढवला. पण दुकानदारानं ओळखलंच.

"अरे सेठ! सुबे से पानी गरम कर को बैठा हूँ मैं, आप सीदा जा रैं?"

थोडं अंतर गेल्यावर मागून प्रश्न आला.

"कसलं पाणी?"

"अंघोळीचं."

"कुणाच्या?"

हिम्मतरावांनी विनाकारण हॉर्न वाजवला.

ऋचानं तात्यांचं स्वागत केलं, तिच्या माद्यांनीही. परत येताना त्याच दुकानापाशी हिम्मतराव अडखळत म्हणाले, "वकीलसाहेब, इथं जरा काम होतं."

"करा," समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचत अनंतराव म्हणाले. "गरम केलेलं पाणी वाया जाऊ नये."

हिम्मतराव ब्रॉयलर घेऊन घरी आले. गंगूनं काही विचारलं नाही. खोबरं, तीळ, खसखस भाजली, काळा मसाला सढळ हातानं घातला आणि रस्सा असा केला की खालच्या मजल्यावरच्या तुळशीनंही मान वळवावी.

विक्रमनं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "मामा! याला म्हणतात गावरान. फरक दातालाच कळतो." हिम्मतराव बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे ते वकिलाच्या शेजारी राहून शिकले होते. विक्रमनं हात धुतले, वडिलांना फोन लावला आणि बोलत बोलत शतपावलीला जिना उतरू लागला.

"पप्पा, तुमचं म्हणणं खोटं ठरलं! मामांनी गच्चीवरचा कोंबडा कापला माझ्यासाठी. तोच, इथून फोन आला की मागं आरवायचा तो!"

जिन्यात मालतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तांब्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेला.

आवाजासरशी बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं बाहेर आली. ज्यांनी नावं ठेवली होती, ज्यांनी साली खाऊ घातल्या होत्या, ते सगळे. हिम्मतराव वरच्या पायरीवर उभे. मालतीबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तात्या?"

हिम्मतरावांनी अनंतरावांकडे पाहिलं. एकुलता एक साक्षीदार. पण अनंतराव कठड्याला टेकून त्यांच्याकडेच बघत होते, आणि तोंड उघडण्याचं काही लक्षण नव्हतं. एका बाजूला जावई, त्याच्या कानाशी फोन, फोनच्या पलीकडे व्याही. दुसऱ्या बाजूला अख्खं कोंबडी कुटुंब. हो म्हणावं तर व्याह्यांचं तोंड जन्मभर बंद, आणि या जिन्यातली दारंही. वर्षभर घशात अडकलेला तो घास अजून तिथंच होता.

"तात्या हिमायतनगरला आहेत, वहिनी. मजेत आहेत." मग जिन्याच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "तो ब्रॉयलर होता."

"पण मामा," विक्रम म्हणाला, "दाताला फरक..."

"तो माझ्या मसाल्याचा," वरून गंगू म्हणाली.

फोनमधून बारीक आवाज आला, "कोण ब्रॉयलर? कुणाला म्हणतायत?" विक्रमनं फोन बंद केला.

अनंतराव तांब्या उचलायला वाकले. "सकाळी बायको विचारत होती," ते हळूच हिम्मतरावांना म्हणाले, "एवढ्या उकाड्यात कोट कशाला. म्हटलं, तात्यांची केस आहे."

आठवड्यानं तात्या परत आले, पहिल्याच पहाटे सगळ्यांना उठवून मोकळे झाले. श्रावणात एक कोंबडी खुडूक होऊन बसली आणि गच्चीवर पुन्हा चिवचिवाट झाला. मालतीबाई बारशाच्या घुगऱ्यांचं पातेलं घेऊन जिना चढताना दिसल्या, तशी हिम्मतरावांनी घाई केली. त्यातलं एक उंच मानेचं पिलू उचलून ओंजळीत घेतलं, भिंतीआड गेले आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याचे कान झाकले. म्हणजे जिथं असावेत तिथं.

"सोडा त्याला," मागून गंगू म्हणाली. "त्याचं नाव मी कालच ठेवलंय."

"काय?"

"विक्रम."

हिम्मतरावांनी पिलाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"पुढच्या आखाडाला घ्या की," गंगू म्हणाली आणि घुगऱ्या घ्यायला पुढं झाली. "नावानं चव बदलत नाही, तुम्हीच म्हणाला होता."