सुतळीची मूठ

स्कूटरवरून पडले आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळेनाशी झाली. बाकी हात धडधाकट. पण शहाळी सोलणारीला त्या दोन बोटांवाचून कोयता धरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कर्जत-खोपोली रस्त्यावर माझी शहाळ्यांची हातगाडी आहे. हात सतत ओला. एका रविवारी कोयता निसटला तो एका गिऱ्हाइकाच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. देवेशने, माझ्या नवऱ्याने, तिथेच सांगून टाकलं की पुढच्या रविवारी पुन्हा निसटला तर गाडी त्याच्या भावाकडे द्यायची. डोक्यात तिडीक गेली, पण त्याचं तरी काय चुकत होतं?

कोयत्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली, ती ओली झाल्यावर इतकी निसरडी की साबण बरा. मग सुतळी गुंडाळली, तीही चांगली भिजवून, सुकल्यावर आवळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी ती मुठीवर बांगडीसारखी फिरायला लागली.

माझ्या शेजारी मंगळ्यादादा करवंदं विकायला बसतो, कोंडाणे लेण्यांच्या वरच्या वाडीतला. तो ते पाहून हसला. मी त्याच्यावर खेकसले. त्याला त्याचं काही नाही.

"सुकी गुंडाळायची, ताई. सुतळी पाणी प्याली का फुगते, मंग आवळते. तू तिला आधीच पाजून ठेवलंस."

त्याने सगळं सोडलं. मला नुसती मूठ धरायला लावली, जोर न लावता, आणि त्या दोन ताठ बोटांखालची फट बराच वेळ बघत राहिला. मग कोरडी सुतळी घेऊन बसला. पुढे एकच थर, बोटांखाली थरावर थर, आणि प्रत्येक थरानंतर माझा हात ठेवून बघायचा. गाठ कुठेच मारली नाही, टोक वेढ्यांखालून ओढून गडप केलं. खराब झाली की कापून नवी गुंडाळ, म्हणाला. वरून तांब्याभर पाणी ओतलं तशी सुतळी बारीक कुरकुरली आणि घट्ट बसली. मी थक्क झाले. डॉक्टर चार महिने माझी बोटं मुठीपर्यंत वळवत होते, या माणसाने मूठच बोटांपर्यंत आणली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही.

रविवारी देवेश हाताची घडी घालून उभा राहिला. मी मुद्दाम हात बादलीत बुडवला आणि ओळीने शहाळी सोलत गेले. सातव्या शहाळ्याला लक्षात आलं की मी हाताकडे बघतच नाही.

त्याने कोयता मागून घेतला. घाव घातला तर मूठ त्याच्या हातात वळली. उलटी धरून पाहिली, तेच.

"माझ्या हातात बसंना गं ही," तो म्हणाला. "तुझ्याच हाताची हाय."

कोयता माझ्यापुढे ठेवून तो गाडीच्या पलीकडे गेला, गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला आणि त्याची पाळी आल्यावर म्हणाला, "मला एक पातळ मलईचं दे."